रात्री तीनला सिस्टीम गेली तर ड्युटीवरच्या सिस्टरने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी १५० बेडचं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, आयटीला दोनच माणसं, ट्रस्टींनी यंदा १० लाख मंजूर केलेत आणि ते विचारतायत की रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यापासून, वाचायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं. मी २१ वर्षं हॉस्पिटलांच्या आयटीत काढलीयत, त्यातली शेवटची काही वर्षं बहुतेक हेच काम, म्हणजे आधी तयारी करून घेणं आणि हल्ला झालाच तर परत उभं करून देणं. त्यामुळे लांबलचक लिहितोय, निवांत वाचा. सॉफ्टवेअरचं शेवटाकडे सांगतो, ते या सगळ्यातलं सोपं काम आहे.

आधी एक करा. एका रात्री साडेदहा-अकराला स्वतः वॉर्डात जा आणि नाइटच्या सिस्टरला विचारा, की आत्ता या क्षणी कॉम्प्युटर बंद पडला आणि उद्या दुपारपर्यंत चालूच झाला नाही, तर १२ नंबरच्या बेडला दोन वाजता कुठलं इंजेक्शन द्यायचं ते तुम्हाला कुठून कळणार? कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते कुठे लिहिलंय? सकाळी सहाचं ब्लड लॅबला पाठवायचं तर नळीवर काय लिहिणार? फोन कुणाला करणार, आणि तो नंबर कुठे आहे, कॉम्प्युटरमध्ये की भिंतीवर? मी हे बऱ्याच हॉस्पिटलांत केलंय आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी सिस्टर क्षणभर गप्प होतात, मग म्हणतात "आयटीवाल्या सरांना फोन करू". आणि आयटीवाले सर घरी झोपलेले, फोन सायलेंटवर. तुमची खरी तयारी किती आहे ते तिथे कळतं, सर्व्हर रूममध्ये नाही कळत.

माझ्या स्वतःच्या अनुभवातलं सांगतो, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी रविवारी पहाटे ४:४० ला फोन आला, लॅबचा टेक्निशियन, "सर बारकोड प्रिंट होत नाहीये". मला वाटलं प्रिंटर असेल. सात मिनिटांनी परत फोन, आता कॅज्युअल्टीतून, की रजिस्ट्रेशन उघडत नाही आणि स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी आलंय. मी पोचेपर्यंत सव्वापाच वाजले. सर्व्हरवर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल, पैसे कुठे द्यायचे त्याची. बॅकअप? होता की. दोन टेराबाइटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, सर्व्हरच्या मागे यूएसबीला कायमची लावलेली, रोज रात्री बारा वाजता नेमाने कॉपी व्हायची. त्या डिस्कवरच्या फाइललाही तेच शेपूट.

पण त्या दिवसातलं माझ्या डोक्यात जे राहिलंय ते सर्व्हर नाही. सकाळी नऊ वाजता लॅबने हाताने लिहिलेले रिपोर्ट वॉर्डात पाठवायला सुरुवात केली. मेल मेडिकलमध्ये एक पेशंट आणि आयसीयूत एक पेशंट, दोघांचं नाव आणि आडनाव एकच, आणि नळीवर फक्त नाव लिहिलेलं कारण यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलने पेशंटला दिलेला नंबर, कुणाच्या तोंडपाठ असणार. आयसीयूतल्या माणसाचं पोटॅशियम वाढलेलं होतं, तो कागद गेला मेल मेडिकलला. तिथल्या सिस्टरने कागदावरचं वय पाहिलं, ७१, आणि समोर बेडवर ३४ वर्षांचा मुलगा, म्हणून त्यांनी कागद हातात धरून आयसीयूपर्यंत धाव घेतली. लॅबने कागदावर वय लिहिलं नसतं तर? त्या दिवसापासून मी रॅन्समवेअर हा शब्द आयटीच्या मीटिंगमध्ये बोलायच्या आधी मेट्रनच्या केबिनमध्ये बोलतो.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटलचं दुखणं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आलं तेव्हा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, हॉस्पिटलं चालवणाऱ्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी, आणि लागण झालेल्या मशीन बहुतेक विंडोज ७ च्या, म्हणजे पॅच उपलब्ध असलेल्या, नुसता टाकलेला नव्हता. नंतर त्यांच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जे लिहिलं त्यातलं एक वाक्य मी प्रत्येक ट्रस्टीला सांगतो, की सायबर हल्ल्यासाठीचा प्लॅन तयार होता पण स्थानिक पातळीवर त्याची चाचणी कधी घेतलीच नव्हती. मेल बंद, म्हणून लोकांनी स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपवरून काम चालवलं. तुमच्याकडेही तेच होणार आहे, त्यामुळे तो ग्रुप आजच बनवून ठेवा आणि नंबरांची यादी छापून भिंतीला लावा.

आयर्लंडचं प्रकरण तर नीट समजून घ्या, कारण त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. त्यांची सगळी सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एचएसई. १८ मार्च २०२१ ला एका कर्मचाऱ्याने मेलला जोडलेली एक्सेल फाइल उघडली. त्यानंतर आठ आठवडे चोर घरात फिरत होते. मार्चच्या शेवटी त्याच मशीनवर अँटीव्हायरसला घातक टूल्स सापडली होती, पण अँटीव्हायरस फक्त बघण्याच्या मोडवर, अडवण्याच्या मोडवर नाही, म्हणजे वॉचमनला चोर दिसला आणि त्याने वहीत नोंद केली, बस. १३ मेला अँटीव्हायरसच्या कंपनीने मेल करून कळवलं की किमान १६ सिस्टीमवर धोके तसेच पडून आहेत, तेव्हा सर्व्हर रिस्टार्ट केले गेले. १४ मेच्या मध्यरात्रीनंतर कॉन्टी टोळीने बॉम्ब फोडला. देशभरातली हॉस्पिटलं एकदम कागदावर. आणि पुढचं बघा, २० मेला चोरांनीच डिक्रिप्शनची किल्ली फुकट देऊन टाकली, एक रुपयाही न घेता, तरी सगळे सर्व्हर मोकळे व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. चार महिने, तेही किल्ली हातात असताना आणि लष्कराची माणसं मदतीला असताना.

म्हणून ट्रस्टींपैकी कुणी म्हणालं की "वेळ आली तर पैसे देऊन मोकळे होऊ", तर त्यांना हे सांगा. अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या मेडिकल बिलांचे व्यवहार बघणाऱ्या कंपनीचंही सांगा. फेब्रुवारी २०२४, रिमोट लॉगिनच्या एका पोर्टलवर मल्टिफॅक्टर म्हणजे ओटीपीसारखं दुसरं कुलूप नव्हतं, चोरलेल्या पासवर्डने आत शिरले, नऊ दिवस आत होते, मग सगळं लॉक. कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले. त्यानंतर चोरांच्या टोळीतच पैशावरून भांडण झालं आणि तोच डेटा घेऊन दुसरी टोळी परत खंडणी मागायला उभी राहिली. जवळपास १९ कोटी लोकांची माहिती गेली. माझं मत स्पष्ट आहे, पैसे द्यायचे नाहीत, आणि हे आज शांत डोक्याने ट्रस्टच्या ठरावात लिहून ठेवायचं, कारण त्या दिवशी डोकं शांत नसतं.

आता आपल्या देशातलं, दिल्लीचं एम्स, २३ नोव्हेंबर २०२२. ई-हॉस्पिटल ही त्यांची कॉम्प्युटर सिस्टीम बंद पडली आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, ॲडमिशन, लॅब, बिलिंग सगळं हाताने. सरकारने संसदेत जे उत्तर दिलं त्यात ५ सर्व्हर आणि साधारण १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाल्याचं सांगितलं, आणि कारण दिलं की नेटवर्कचे नीट तुकडे पाडलेले नव्हते. वाचले कशामुळे? एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ पोचली नव्हती, त्यावरून ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा नव्या सर्व्हरवर परत आणला. देशातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलांपैकी एक, आणि शेवटी हाताशी आली ती न जळलेली एक कॉपी. तुमच्या १० लाखांपैकी पहिला रुपया कुठे जायला हवा ते यातच आलं.

तर बॅकअप. हे लोक आत आल्यावर आधी बॅकअपच शोधतात, विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती म्हणजे शॅडो कॉपी पुसतात, नॅसवर म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर जातात, बॅकअप सॉफ्टवेअरच्या कन्सोलला लॉगिन करून जुने सेट डिलीट करतात आणि मग लॉक लावतात. त्यामुळे डोमेनला, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांची लॉगिन एका जागेहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेला, त्याच ॲडमिन पासवर्डने उघडणारा बॅकअप हा त्यांच्या दृष्टीने आणखी एक सर्व्हर. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक बिल्डिंगच्या बाहेर हा नियम सगळ्यांना पाठ असतो, त्यात मी एक भर घालतो, की एक कॉपी अशी हवी जिची वायरच कशाला जोडलेली नाही. तुमच्या आकाराच्या हॉस्पिटलात एचआयएसचा, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य सॉफ्टवेअरचा, डेटाबेस काही फार मोठा नसतो, तीन चांगल्या डिस्क घ्या, आळीपाळीने वापरा, एक लावलेली, एक अकाउंट्सच्या तिजोरीत, एक बाहेर कुठेतरी, आणि डिस्क कुणी काढली कुणी ठेवली याचं सही असलेलं रजिस्टर ठेवा. शिवाय क्लाउडवर एक कॉपी, जी ठरावीक दिवस कुणालाच पुसता येत नाही अशा प्रकारची, ३० दिवसांचं लॉक तरी लावा, आणि त्या क्लाउड खात्याचा ईमेल आणि फोन नंबर हॉस्पिटलच्या रोजच्या ईमेलपेक्षा वेगळा ठेवा.

आणि "बॅकअप सक्सेसफुल" या मेलवर विश्वास ठेवू नका. एका ठिकाणी मी सात महिन्यांचे असे हिरवे मेल पाहिलेत, रोजच्या रोज, आणि प्रत्यक्षात जॉब जुन्या फोल्डरची कॉपी काढत होता, कारण मधे कधीतरी डेटाबेस सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवला होता आणि जॉबमध्ये बदल करायचं राहून गेलं. दर तीन महिन्यांनी एक रिकामं मशीन घ्यायचं, त्यावर रिस्टोअर करायचं, घड्याळ लावून, आणि एखाद्या डॉक्टरला बसवून कालचे पाच पेशंट उघडायला लावायचे. किती तास लागले ते लिहून ठेवा, तोच आकडा मेडिकल सुपरिटेंडंटला सांगायचा आहे. पॅक्सचं, म्हणजे एक्सरे-सीटीच्या इमेज साठवणाऱ्या सिस्टीमचं, वेगळं गणित असतं, १२ टेराबाइटच्या एक्सरे-सीटीच्या इमेज १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून नुसत्या कॉपी व्हायलाच सव्वा-दीड दिवस जातो, त्यामुळे आधी गेल्या ३० दिवसांच्या इमेज परत आणायच्या आणि जुन्या मागून, हे आत्ताच ठरवा.

शिरकाव कुठून होतो? माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या मध्यम हॉस्पिटलांत नंबर एक म्हणजे व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस. एचआयएसवाल्याला सपोर्ट द्यायचा असतो, तो म्हणतो आरडीपीचा, म्हणजे लांबून विंडोज चालवायच्या सोयीचा, पोर्ट उघडून द्या, उघडून दिला जातो, पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि पुढे ॲट १२३, आणि मग पाच वर्षं तो दरवाजा इंटरनेटवर सताड उघडा. वर सांगितलेल्या रविवारच्या प्रकरणात हेच झालं होतं. आजच फायरवॉलमध्ये बघा, आरडीपीचा पोर्ट ३३८९ बाहेरून उघडा असेल तर हे उत्तर वाचायचं थांबवून आधी तो बंद करा, मग पुढचं वाचा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही लांबून कॉम्प्युटर चालवायची सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या मशीनवर कायमचे चालू आहेत त्याची यादी काढा. व्हेंडरला ॲक्सेस हवा असेल तर तो फोन करेल, तुम्ही व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) आणि ओटीपीने तेवढ्यापुरता चालू कराल, काम झालं की बंद. कटकट आहे, व्हेंडर कुरकुर करणार, करू दे.

दुसरं, ॲडमिन पासवर्ड. सगळ्या १२० कॉम्प्युटरचा लोकल ॲडमिन पासवर्ड एकच असेल तर एक मशीन पडलं की सगळी पडली. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स नावाचं टूल आहे, प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा ठेवतं आणि आपोआप बदलत राहतं, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. डोमेन ॲडमिनच्या खात्याने मेल बघणं, टॅली उघडणं, ब्राउझिंग करणं पूर्ण बंद.

तिसरं, तुकडे. मॅनेज्ड स्विच घ्या आणि व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे आपसात न बोलणारे भाग, पाडा. ओपीडी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला सीटी स्कॅनच्या कन्सोलशी बोलायचं काय कारण आहे? काहीही नाही. सीटी, एमआरआय, कॅथ लॅबच्या कन्सोलवर अजून विंडोज ७ आहे, कुठे कुठे एक्सपीसुद्धा बघितलंय, कंपनी म्हणते हात लावला तर वॉरंटी जाईल. ठीक आहे, हात नका लावू, पण त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा, फक्त पॅक्सशी डायकॉमवर (मेडिकल इमेज पाठवायची ठरलेली पद्धत) बोलायची परवानगी, बाकी सगळीकडे भिंत, इंटरनेट तर नाहीच. पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय, सीसीटीव्ही आणि बायोमेट्रिक हजेरी हेही वेगळे.

पॅचिंगबद्दल वॉनाक्रायमध्येच सांगून झालंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा पुढच्या बजेटमध्ये त्या मशीन धरा. फायरवॉल आणि व्हीपीएनचं फर्मवेअर तर आधी, कारण ते बाहेरच्या रस्त्यावर उभे असतात.

लोकांना ट्रेनिंग द्या, पण त्याआधी त्यांची भीती काढा. एका ठिकाणी बिलिंगच्या मुलीने खोट्या कुरिअरच्या मेलमधली फाइल उघडली, स्क्रीन एकदा काळी होऊन परत आली, तिला लगेच कळलं की काहीतरी चुकलंय, पण तिने दोन तास कुणाला सांगितलं नाही. का, तर आदल्या महिन्यात एकाला अशाच कारणावरून सगळ्यांसमोर ओरडले होते आणि मेमो दिला होता. ते दोन तास मिळाले असते तर एक मशीन गेलं असतं, गेली २६. जो पहिला येऊन सांगेल त्याला शाबासकी द्यायची, हे मेडिकल सुपरिटेंडंटनी स्वतः सगळ्या स्टाफसमोर बोलायला हवं, आयटीच्या सर्क्युलरने ते होत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कागद. २१ दिवस हॉस्पिटल कागदावर चालवता येईल का, या प्रश्नावर सगळी तयारी मोजा. प्रत्येक वॉर्डात एक लाल पेटी. आत ५० केसपेपरचे सेट, ड्रग चार्ट, लॅब इंडेंट कार्बनसकट, ब्लड रिक्विझिशन, डिस्चार्ज कार्डचे कोरे नमुने, पेनं, मनगटाला बांधायच्या कोऱ्या पट्ट्या, फोनची यादी. आणि छापील अनुक्रमांकाचे स्टिकर, डी-०००१ पासून पुढे, एका नंबरचे २० स्टिकर एका पेशंटला. सिस्टीम नसताना जो नवीन पेशंट येईल त्याचा नंबर तो, तोच केसपेपरवर, तोच नळीवर, तोच एक्सरेवर. आणि नळीवर नुसतं नाव कधीच नाही, नाव, वय आणि नंबर, तिन्ही. त्या पोटॅशियमच्या कागदानंतर मी हा नियम मोठ्या अक्षरात पेटीच्या झाकणावरच चिकटवतो.

आधीपासून ॲडमिट असलेल्यांचं काय? त्यासाठी एचआयएसवाल्याकडून एक रिपोर्ट बनवून घ्या, दर चार तासांनी आपोआप निघणारा, वॉर्डनिहाय, बेड, नाव, वय, नंबर, निदान, ॲलर्जी, चालू औषधं डोससकट, शेवटचे लॅब रिपोर्ट. तो डोमेनमध्ये नसलेल्या एका कॉम्प्युटरवर पडला पाहिजे, नर्सिंग ऑफिसमध्ये, युपीएसवर, आणि प्रिंटर त्याला यूएसबीने थेट जोडलेला, नेटवर्कवरचा नाही. पेशंटची माहिती आहे, त्यामुळे तो कॉम्प्युटर कुलपात आणि त्याची डिस्क एन्क्रिप्टेड. या एका गोष्टीने पहिल्या रात्रीची अर्धी भीती जाते.

आणि एक अडचण ट्रस्टींच्या लक्षात येत नाही, नवीन रेसिडेंट आणि नवीन सिस्टर यांनी कागदी ड्रग चार्ट कधी भरलेलाच नसतो. कॉम्प्युटर डोस अडवायचा, आता कोण अडवणार. इन्सुलिन १० यू असं घाईत लिहिलं की इंग्लिश यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात, म्हणून "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा. तुमच्या ज्या सीनियर सिस्टर रिटायरमेंटला आल्यात ना, त्यांनी पंधरा-वीस वर्षं कागदावर वॉर्ड चालवलाय, त्यांना मास्तर करा. अमेरिकेत व्हर्माँटच्या हॉस्पिटलवर ऑक्टोबर २०२० मध्ये हल्ला झाला तेव्हा कॅन्सरच्या पेशंटच्या केमोचे प्रोटोकॉल डॉक्टर-नर्सना आठवून आठवून परत लिहावे लागले. तुमच्याकडे डे केअर केमो किंवा डायलिसिस असेल तर त्या प्रत्येक पेशंटचा चालू प्लॅन कागदावर फाइलमध्ये ठेवा, आजपासून.

ब्लड बँक आणि लॅबवर जास्त वेळ घालवा. लंडनमध्ये जून २०२४ ला हॉस्पिटलांवर नाही तर त्यांच्या लॅब सेवेवर, सिनोव्हिसवर हल्ला झाला, आणि रक्त पटकन जुळवता येईना म्हणून ओ गटाचं रक्त इतकं वापरलं जाऊ लागलं की देशभर ओ गटाच्या दात्यांना आवाहन करावं लागलं. १० हजारांवर ओपीडी अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. पुढे २०२५ मध्ये किंग्ज कॉलेज हॉस्पिटलकडून सांगण्यात आलं की त्या काळात झालेल्या एका पेशंटच्या मृत्यूला रक्ताचा रिपोर्ट उशिरा मिळणं हेही एक कारण होतं. तुमची लॅब बाहेरच्या कंपनीची असेल तर त्यांनाही विचारा, तुमची सिस्टीम गेली तर आम्हाला रिपोर्ट कसे देणार, आणि लेखी घ्या.

आपल्याकडची एक खास गोष्ट, महात्मा फुले योजनेचं प्रीऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी आणि टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीचं, कॅशलेस दोन्ही ऑनलाइन पोर्टलवर. हल्ल्याच्या दिवशी तुम्ही इंटरनेट तोडणार, म्हणजे आरोग्यमित्राचं काम थांबणार, आणि नातेवाईक काउंटरवर जमणार. म्हणून एक वेगळा लॅपटॉप, स्वतःचा डोंगल, हॉस्पिटलच्या नेटवर्कला आयुष्यात कधी न जोडलेला. बिलिंगला रेटलिस्टची छापील प्रत द्या.

पहिला तास. नेटवर्कची वायर काढायची, पॉवरची नाही, कारण मशीन बंद केलं की मेमरीतला पुरावा जातो. सगळ्यात आधी बॅकअपची वायर, मग इंटरनेटची, मग मुख्य स्विचच्या. कुठली वायर ते रात्रीच्या माणसाला कळावं म्हणून मी त्या केबलला लाल टेप गुंडाळतो. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढायचा. लागण झालेल्या मशीनवर डोमेन ॲडमिनने लॉगिन करायचं नाही, घाईघाईत फॉरमॅट तर मुळीच मारायचा नाही. आणि वायर ओढायचा अधिकार कुणाला? यावर भांडण होतं. माझा आग्रह असा की रात्रीच्या आरएमओला म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला आणि ड्युटीवरच्या आयटीच्या माणसाला, कुणालाही न विचारता, आणि तसं सही-शिक्क्याचं पत्र त्याच पेटीत ठेवायचं, त्यात एक ओळ की खोटा अलार्म निघाला तरी कारवाई होणार नाही. मेडिकल सुपरिटेंडंटला फोन लागायची वाट बघण्यात ४० मिनिटं गेलेली मी पाहिलीयत, तेवढ्यात सगळं संपतं.

आयसीयूतले व्हेंटिलेटर आणि बेडजवळचे मॉनिटर बहुतेक स्वतंत्र चालतात, पण सेंट्रल मॉनिटर जाऊ शकतो, म्हणजे एका जागी बसून आठ पेशंट बघता येणार नाहीत, जास्तीची सिस्टर लागेल. इंटरकॉम आयपीवरचा असेल तर तोही गेला. सिरियस पेशंट कुठे पाठवायचे त्या शेजारच्या दोन हॉस्पिटलांशी आधी बोलून ठेवा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलला सप्टेंबर २०२० मध्ये इमर्जन्सी बंद करावी लागली आणि एका वृद्ध पेशंटला वुपरटालला न्यावं लागलं, त्या वाचल्या नाहीत. मृत्यूचं कारण हल्लाच होता हे पुढे सिद्ध झालं नाही, पण ती ॲम्ब्युलन्स वळवावी लागली हे खरं.

कायद्याचं पटकन सांगतो. सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेला, ६ तासांत कळवायचं, हे एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे, लॉग म्हणजे सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या तेही त्यातच. सायबर पोलिसांत तक्रार, १९३० हेल्पलाइन. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतायत, आणि सुरक्षेत कसूर केल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पेशंटना काय सांगायचं त्या पत्राचा मराठी मसुदा आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी वकील आणि डॉक्टर एका वाक्यावर तीन तास घालवतात.

आता सॉफ्टवेअर. १० लाखांत माझा क्रम असा, आधी बॅकअपच्या डिस्क आणि क्लाउड, मग सगळ्या रिमोट लॉगिनला आणि ईमेलला ओटीपी, मग मॅनेज्ड स्विच, मग उरलेल्या पैशांत सर्व्हर आणि महत्त्वाच्या मशीनसाठी एक चांगलं ईडीआर, म्हणजे संशयास्पद हालचाल ओळखून अडवणारं पुढच्या पिढीचं अँटीव्हायरस, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं चालेल. फक्त ते अडवण्याच्या मोडवर ठेवा, आणि त्याचा अलर्ट रात्री कुणाच्या फोनवर वाजणार त्या माणसाचं नाव लिहा. आयर्लंडमध्ये अलर्ट आले होते, हे विसरू नका.

आणि ड्रिल. सुरुवात एकाच वॉर्डापासून, रविवारी सकाळी १० ते १२, एचआयएसची स्क्रीन खरोखर बंद करायची, पेटी उघडायची, आयटीने फक्त बघायचं आणि लिहायचं. पहिल्या वेळी पेनं चालत नाहीत, कार्बन उलटा लागतो, फोनच्या यादीतल्या दोघांनी नोकरी सोडलेली असते, सगळं लिहून घ्या. कागदावरचं परत सिस्टीममध्ये कोण भरणार तेही त्याच दिवशी करून बघा, एमआरडीच्या (मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या) माणसाला डी-०००७ हा कुठला यूएचआयडी ते शोधायला लावा. लॅब इनचार्जना आधी भेटा, बऱ्याच लॅबमध्ये कपाटात तळाशी कॉम्प्युटर यायच्या आधीचं रजिस्टर अजून असतं, रकाने आखलेले, वय-लिंग-बेड नंबरसकट. ते बाहेर काढा आणि तुमचा फॉर्म त्याच्यावरून छापून घ्या.